घरच्या घरी मॅट पिलाटीज: चालू कामाच्या नोंदी

५ जानेवारी

काय करायचंय ते आधी लिहून टाकते म्हणजे नंतर पळवाट नको. पिलाटीज ही व्यायामपद्धत काढणाऱ्या जोसेफ पिलाटीजने १९४५ साली छापलेल्या पुस्तकात ३४ मॅट व्यायाम ठराविक क्रमाने दिलेत. त्यातले सुरुवातीचे म्हणजे हंड्रेड, रोल अप, लेग सर्कल (झोपून एका पायाने हवेत गोल), बॉलसारखं लोळणं, सिंगल आणि डबल लेग स्ट्रेच, स्पाइन स्ट्रेच (बसून पुढे वाकणं) हे सलग, मध्ये न थांबता, मान आणि कंबर न दुखवता करता यायला हवेत. रोल ओव्हर मुद्दाम गाळलाय, पाय डोक्यामागे नेताना सगळा भार मानेकडे जातो आणि सुरुवातीला त्याची काही गरज नाही.

कारण नेहमीचंच, दिवसभर खुर्ची, सकाळी उठल्यावर कंबर आखडलेली. आधी फिजिओथेरपिस्टकडे जाऊन तपासून घेतलं, पायात मुंग्या, बधिरपणा वगैरे काही नाही, नुसता आखडलेपणा आहे त्यामुळे हरकत नाही म्हणाल्या. हे तपासणं प्लीज टाळू नका. हाडं ठिसूळ झाली असतील तर मॅटवरचे अर्धेअधिक व्यायाम, जिथे कणा गोल करून पुढे वाकायचं असतं, ते करायचेच नसतात. डिस्कचा त्रास, काचबिंदू किंवा गरोदरपण असेल तरी यादी बदलते.

सामान: घरातली पातळ योगा मॅट, एक टॉवेल, एक छोटी उशी. स्प्रिंगवालं मशीन घ्यायचा विचारही करत नाहीये. एवढा पैसा आणि एवढी जागा अडकवण्याआधी जमिनीवर काय जमतं ते बघू.

८ जानेवारी

हंड्रेड. पाठीवर झोपायचं, डोकं-खांदे उचलायचे, पाय हवेत, हात शरीराच्या बाजूला धरून वरखाली हलवायचे, ५ हालचालींत श्वास आत, ५ मध्ये बाहेर, असं दहा वेळा म्हणून शंभर. व्हिडिओत बाई गप्पा मारत करते.

माझी चाळीस मोजायच्या आतच मान गेली. पोटाला काही झालंच नाही, सगळा ताण मानेच्या पुढच्या बाजूला आणि जबड्यात. वर व्हिडिओ बघायला मान वाकडी करावी लागते, ते वेगळंच.

११ जानेवारी

मानेचं कारण सापडलं. मी डोकं उचलत होते, उचलायची असते ती छाती. हनुवटी आधी किंचित खाली घ्यायची (गळ्यात एक लिंबू मावेल एवढी जागा ठेवून, चिकटवायची नाही), मग खालच्या बरगड्या पेल्विसकडे (कंबरेखालच्या हाडांच्या कड्याकडे) सरकवायच्या, की डोकं आपोआप वर येतं. खांद्याच्या पात्याचं खालचं टोक जमिनीला टेकलेलं राहिलं पाहिजे. त्याच्या वर गेलात की मान ओढायला लागते, त्याच्या खाली राहिलात तरी ओढते. हा सगळा खेळ दोन-तीन बोटांच्या उंचीचा आहे.

अजून एक. मूळ सूचनेतच सुरुवात २० हालचालींनी करा आणि हळूहळू वाढवा असं आहे. शंभरचा हट्ट आपण नावावरून धरतो. आता पाय जमिनीवर, गुडघे वाकवलेले, वीसच. मान थकली की डोकं खाली ठेवून हात आणि श्वास चालू ठेवायचा, व्यायाम थांबवायचा नाही. व्हिडिओ बंद केला, आवाज रेकॉर्ड करून ठेवलाय आकड्यांचा, तोच लावते.

१५ जानेवारी

श्वासावर अख्खा आठवडा गेला असं म्हटलं तरी चालेल, आणि तो वाया गेला असं वाटत नाही.

अडचण अशी की मला पोट फुगवून श्वास घ्यायची सवय. आराम करताना ते उत्तमच आहे, पण इथे पोट आत धरून ठेवायचंय आणि त्याच वेळी श्वासाने फुगवायचंय, दोन्ही एकदम कसं होणार? मग शरीर सोपा मार्ग काढतं, श्वास रोखतं. चेहरा लाल, पोट दगड, आणि कंबरेवर दाब. बघा, कुठलाही अवघड क्षण आला की तुम्ही श्वास धरलेला असतो, एकदा लक्ष गेलं की सगळीकडे दिसतं, बाटलीचं झाकण उघडताना पण.

उपाय: टॉवेल बरगड्यांच्या खालच्या भागाला गुंडाळायचा, दोन्ही टोकं समोर हलकी ओढून धरायची, श्वास घेताना टॉवेल बाजूंना आणि पाठीमागे ताणला गेला पाहिजे. पुढे नाही. पहिल्यांदा पाठीमागे काहीच हलत नाही, नंतर हलतं. सोडताना ओठ किंचित मिटून, लांब उच्छ्वास. त्या लांब उच्छ्वासाच्या शेवटी पोटाचा सगळ्यात आतला आडवा स्नायू, कंबरपट्ट्यासारखा गोल फिरणारा, तो आपोआप आवळला जातो. त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

फिजिओ म्हणाल्या होत्या, "पोट आत खेचू नका हो, श्वास सोडा, ते जाईल." तेव्हा डोक्यावरून गेलं होतं.

२० जानेवारी

पाठ सपाट की नैसर्गिक बाक ठेवायचा, यावर जो तो वेगळं सांगतो आणि दोघंही ठामपणे. म्हणून खोलात गेले. जोसेफ पिलाटीज स्वतः पाठ जमिनीला पूर्ण चिकटवायला सांगायचा. नंतरच्या, फिजिओथेरपीच्या अंगाने गेलेल्या शिक्षकांनी कंबरेचा नैसर्गिक बाक राखा असं सांगायला सुरुवात केली, कारण उभं राहताना-चालताना आपण त्याच बाकात असतो. त्यामुळे क्लासिकल म्हणवणारे एक सांगतात, कंटेम्पररी म्हणवणारे दुसरं.

मी जे ठरवलंय ते असं. पाय जमिनीवर असतील तर नैसर्गिक बाक. तो कसा शोधायचा? तळहात ओटीपोटावर ठेवायचे, अंगठे एकमेकांना, तर्जन्या खाली एकमेकींना, त्रिकोण होतो. कंबरेची पुढची दोन हाडं आणि खालचं, दोन जांघांच्या मधलं प्युबिक हाड एका पातळीत, म्हणजे त्रिकोण जमिनीला समांतर. दोन्ही पाय हवेत असतील आणि तो बाक सांभाळता येत नसेल तर कंबर हलकीच जमिनीला टेकवायची. ताकद आली की परत बाकात. कोण बरोबर हा वाद मी सोडून दिला, कंबर ज्याने गप्प राहते ते बरोबर.

२७ जानेवारी

रोल अप होत नाही. झोपलेल्या अवस्थेतून एकेक मणका सोलत उठून बसायचं, झटका न देता. मी अर्ध्यावर अडकते, मग हात फेकून, टाचा उचलून, धाडकन वर. ह्याला रोल अप म्हणत नाहीत, ह्याला झोपेतून दचकून उठणं म्हणतात.

का होतं ते फोन बाजूला ठेवून शूट केल्यावर दिसलं. माझ्या कण्याचा वरचा भाग छान गोल होतो, पण कंबरेचा भाग पाटीसारखा सरळच राहतो. तो वाकत नाही म्हणून पोटाच्या स्नायूंना पकडच मिळत नाही, आणि मग जांघेतले स्नायू, जे कण्यापासून मांडीपर्यंत जातात, ते पाय उचलायला लागतात. टाचा वर येतात त्या म्हणूनच. पाय कुणी दाबून धरले तर उठता येतं पण त्याने फक्त जांघेचे स्नायू अजून जोरात ओढतात, म्हणजे ज्याचा त्रास आहे तेच वाढवणं. सोफ्याखाली पाय अडकवणाऱ्यांनी हे वाचावं, मीही दोन दिवस तेच केलं.

आता उलटं चालू केलंय. बसूनच सुरुवात, गुडघे वाकवलेले, मांड्यांच्या मागे हात, माकडहाडापासून मागे झुकत कंबर गोल करत फक्त निम्म्यापर्यंत जायचं, तिथे एक श्वास, परत वर. खाली जाताना स्नायू लांब होत काम करतो आणि तिथे तो जास्त ताकदीचा असतो, त्यामुळे वर येणं जमत नसलं तरी खाली जाणं जमतं. रोज थोडं अजून खाली.

५ फेब्रुवारी

बरेच दिवस नोंद नाही कारण काम बंद होतं. कंबर धरली.

डबल लेग स्ट्रेचमध्ये पाय लांब करून जमिनीपासून वीतभर उंचीवर नेत होते, कारण व्हिडिओत तसे असतात. पाय लांब आणि खाली म्हणजे तरफेचा दांडा लांब, सगळा भार कंबरेच्या टोकाशी. पोट ते पेलू शकत नसेल तर कंबर जमिनीवरून सुटते, कमान होते, आणि मग कण्याला लागून असलेले स्नायू एकटे झगडतात. रात्रीपर्यंत काही वाटलं नाही, सकाळी मोजे घालता येईनात.

परत सुरू करताना नियम: पाय फक्त तिथपर्यंतच खाली न्यायचे जिथपर्यंत कंबर हलत नाही. माझ्यासाठी ती उंची सध्या जवळजवळ छतच आहे. ठीक आहे. कंबरेखाली बोटांची टोकं ठेवून करते, बोटांवरचा दाब कमी झाला की लगेच कळतं.

दुसरी खूण पोटावर दिसते. बेंबीच्या वर-खाली मधोमध उभी टोपी किंवा कणा उठल्यासारखा उंचवटा आला तर भार जास्त झालाय. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू मधून फाकलेले असतात त्यांनी तर हे डोळ्यात तेल घालून बघावं, आणि तसं दिसत असेल तर आधी दाखवून घ्यावं, व्यायाम करून मिटेल असं गृहीत धरू नये.

आणि दुखणं दुखण्यात फरक आहे. स्नायू थरथरणं, पेटणं चालेल. टोचणं, एकाच बिंदूत दुखणं, पायात उतरणारं काही असेल तर त्याच क्षणी बंद.

१० फेब्रुवारी

सहा तत्त्वांबद्दल. श्वास, एकाग्रता, केंद्र, नियंत्रण, अचूकता, प्रवाह. सगळीकडे ही यादी चिकटवलेली असते, म्हणून मला वाटायचं जोसेफ पिलाटीजनेच ती घालून दिली. तसं नाहीये. तो त्याच्या पद्धतीला कंट्रोलॉजी म्हणायचा. ही सहाची यादी फिलिप फ्रीडमन आणि गेल आयसेन यांनी १९८० मध्ये मांडली, तो जाऊन तेरा वर्षं झाल्यावर. त्याच्या लिखाणात आणि शिकवण्यात ह्या गोष्टी आहेतच, पण सुटसुटीत यादी नंतरची.

मला ती भिंतीवर लावायची यादी म्हणून काही कामाची वाटली नाही. बिघाड शोधायला मात्र फार कामाची आहे. काही दुखलं किंवा जमलं नाही की त्या सहातून जाते. हंड्रेडला मान दुखली, तिथे अचूकता नव्हती, छातीऐवजी डोकं उचललं. डबल लेग स्ट्रेचला कंबर गेली, केंद्र सुटलं. रोल अपचा झटका म्हणजे नियंत्रण नाही. आणि ह्या सगळ्याच्या आधी प्रत्येक वेळी श्वास धरलेला होता, म्हणून आता पहिला प्रश्न तोच विचारते, उरलेले पाच नंतर. निम्म्या वेळा तिथेच उत्तर सापडतं.

प्रवाह सगळ्यात शेवटी येतो. सुरुवातीला प्रवाह म्हणून घाई होते, घाईत वेग तुमचं काम करतो आणि स्नायू सुट्टीवर. उलट संथ केलं की चोरी पकडली जाते.

केंद्र म्हणजे सिक्स पॅक नव्हे हेही टाकते इथेच. वर श्वासपटल, खाली पेल्विक फ्लोअर म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, भोवती तो आडवा स्नायू, मागे मणक्यांना धरून असलेले बारीक स्नायू. वरून दिसणारे चौकोन ह्यात नाहीतच.

१७ फेब्रुवारी

मॅट बदलली. बॉलसारखं लोळताना पातळ मॅटवर मणके एकेक करून जमिनीवर ठोकले जात होते, दोन मणक्यांवर काळंनिळं झालं. योगा मॅट पातळ असते कारण तिथे उभं राहून तोल सांभाळायचा असतो, पिलाटीजला मणक्यांवर लोळायचं असतं म्हणून जाड लागते, सेंटिमीटरभर तरी. फार मऊ पण नको, त्यात कंबर रुतते आणि बाक कळत नाही. तोवर दोन मॅट एकावर एक किंवा घडी घातलेली घोंगडी चालते, सरकणार नाही एवढं बघा. ह्या सगळ्या उद्योगात पैसे घालायची एवढी एकच वस्तू वाटली. रिंग, रंगीत चेंडू, खास मोजे वगैरे नंतर बघू.

लोळण्याबद्दल: डोकं जमिनीला टेकवायचं नाही, खांद्याच्या पात्यांपर्यंतच मागे.

२५ फेब्रुवारी

मनाला काय मिळतं ह्याबद्दल मी जरा सावध आहे, कारण त्यावर फार गुळमुळीत लिहिलं जातं. मला जे दिसलं तेवढंच लिहिते. हे करताना दुसरं काही आठवत नाही. शांत वाटतं म्हणून नाही, जागाच उरत नाही म्हणून. बरगड्या, हनुवटी, श्वासाचा आकडा, एवढं सांभाळताना ऑफिसचा ईमेल डोक्यात शिरला तर पाय लगेच वाकडा जातो, म्हणजे लक्ष गेल्याची पावती जागेवर मिळते. चालताना किंवा सायकलवर मी तासभर मनात भांडू शकते, इथे नाही.

झोपायच्या आधी केलं तर लांब उच्छ्वासामुळे बरं वाटतं. चिंता, नैराश्य ह्यावर हाच उपचार असं कुणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्या, ते डॉक्टरांचं काम आहे.

कंबरदुखीबद्दल पुरावा काय म्हणतो तेही बघितलं. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अहवाल) १० चाचण्या, ५१० माणसं होती. काहीच न करण्यापेक्षा किंवा अगदी किरकोळ उपायापेक्षा पिलाटीजने दुखणं आणि अडचण कमी होते, पुरावा कमी ते मध्यम दर्जाचा. पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असं ठामपणे दिसत नाही. म्हणजे तुम्ही दुसरा कुठला व्यायाम नियमित करताय आणि बरं आहे, तर ह्यासाठी तो सोडायची काहीही गरज नाही. मी हे करते कारण मला हेच टिकतं.

६ मार्च

सगळे पोटाचे व्यायाम करत होते आणि मग लक्षात आलं की सगळंच पुढे वाकणं चाललंय. खुर्चीत दिवसभर पुढे, मॅटवर पण पुढे. मूळ क्रमात तसं नाहीये, सॉ (बसून, धड वळवून पुढे वाकणं) नंतर स्वान, सिंगल लेग किक, डबल लेग किक येतात, पालथं पडून कणा मागे नेणारे. घरी करणारे नेमके हेच गाळतात, मीही, कारण अवघड वाटतात आणि पोट जळत नाही.

स्वान साधा करून घेतला. पालथं, तळवे खांद्यांच्या बाजूला, आधी प्युबिक हाड जमिनीत दाबायचं, मग छातीचं हाड पुढे-वर, खालच्या बरगड्या जमिनीवरच. हातांनी ढकलून उंच जायचा मोह होतो, त्यात फक्त कंबर मोडते आणि पाठीचा वरचा भाग जिथे होता तिथेच. हात हवेत उचलून बघा, जेवढी उंची उरते तेवढीच खरी. माझी फारच विनोदी होती.

सकाळचा आखडलेपणा खरा कमी झाला तो ह्यानंतर.

१४ मार्च

रिफॉर्मरवर, म्हणजे त्या स्प्रिंगवाल्या मशीनवर जाऊन आले, चाचणी सेशन. सरकती गादी, खाली स्प्रिंगा, पायाला दांडा, हाताला पट्टे. पहिल्या महायुद्धात जोसेफ जर्मन म्हणून ब्रिटनमध्ये नजरकैदेत होता, आयल ऑफ मॅनवरच्या नॉकलो छावणीत, तिथे त्याने आजारी माणसांच्या खाटांना स्प्रिंगा जोडल्या अशी कथा सांगतात. १९२६ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि तिथल्या स्टुडिओत नर्तक यायला लागले. गादीवर झोपल्यावर कथा पटते, खाटच आहे ती.

मला वाटायचं मशीन म्हणजे जड. काही व्यायामांत स्प्रिंग तुम्हाला आधार देते, तिथे स्प्रिंग कमी केली की जास्त अवघड होतं, कारण गादी आवरायला तुम्ही एकट्याच उरता. रोल अप पट्टे धरून केला तर पहिल्यांदा कंबर गोल झाली.

खर्च हा मुद्दा आहेच, एकटीला शिकवणारा वर्ग गटापेक्षा बराच महाग पडतो. तरी माझं मत, घरी करणाऱ्यांनी सुरुवातीलाच एक-दोन वेळा कुणाच्या तरी नजरेखाली करून घ्यावं. माझा डावा कुल्ला प्रत्येक लेग सर्कलला उचलला जातो हे शिक्षिकेने पाय अर्धा फिरायच्या आत सांगितलं, मला आठवडे दिसलं नव्हतं. त्यांनी गोल टोपलीएवढा होता तो बशीएवढा करायला लावला आणि प्रश्न संपला.

वर्ग निवडताना नुसत्या पाटीवर जाऊ नका. अमेरिकेतल्या कोर्टाने २००० साली पिलाटीज हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, योगासारखं सर्वसाधारण आहे असा निकाल दिला, त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतं. शिक्षकाचं प्रशिक्षण किती, मशीनवर पण झालंय का फक्त मॅटवर, माझ्या दुखण्याचं माणूस आधी शिकवलंय का, हे विचारायचं. गाणी मोठ्याने लावून पटापट मोजणाऱ्या वर्गात मी तरी जाणार नाही.

२३ मार्च

रोल अप झाला. गुडघे किंचित वाकलेले, टाचा जमिनीवर, झटका नाही. दुसऱ्यांदा केला तेव्हा पण झाला म्हणून लिहितेय.

काय बदललं: मोजे उभ्याने घालता येतात, जास्त वेळ बसल्यावर मी स्वतःहून सरळ होते, हंड्रेड शंभरापर्यंत जातो पण गुडघे वाकवूनच. काय नाही बदललं: वजन तेवढंच. जिन्यावर दम लागतो तेवढाच लागतो. आठवड्याला १५० मिनिटं दमवणारी हालचाल सांगितलेली असते ती ह्यात मोजू नका, ती वेगळीच करावी लागते, म्हणून आजपासून भरभर चालणं जोडलंय.

२ एप्रिल

सध्याचा क्रम, कुणाला घ्यायचा असेल तर: टॉवेल लावून श्वास, हंड्रेड, रोल अप, लेग सर्कल बशीएवढे, लोळणं, सिंगल लेग स्ट्रेच, डबल लेग स्ट्रेच पाय उंच ठेवून, स्पाइन स्ट्रेच उशीवर बसून (मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतील तर सपाट जमिनीवर पेल्विस मागे कलंडतो, उशीने सरळ बसता येतं), मग स्वान, साइड किक (कुशीवर झोपून पाय पुढे-मागे), आणि शेवटी गुडघ्यावर बसून पुढे झुकून विसावा. प्रत्येकाच्या आवृत्त्या पाच-सहाच. शेवटच्या दोन बिघडल्या तर त्या मोजायच्या नाहीत आणि वाढवायच्याही नाहीत.

टीझर करून बघितला, पाय आणि धड दोन्ही हवेत व्ही आकारात. जांघ पेटली, पोट गायब, श्वास धरलेला. काढून टाकला. आधी ओपन लेग रॉकर (पाय फाकवून, सरळ धरून लोळणं), त्याच्याही आधी मांडीच्या मागचे स्नायू. पुढची नोंद त्यावर, तोवर रोल अप पाय सरळ ठेवून जमतो का ते चालू आहे.